झाडंही बघता येतील

१४ सप्टेंबर
त्या उंच मुलीने आज वर्गात सगळ्यांसमोर मला नावाने हाक मारली. नुसतं नाव. पुढे ताई नाही, बाई नाही, मॅडम नाही. माझ्या लेकीहून लहान पोर! उभा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेला. मुख्याध्यापकसुद्धा 'बाई' म्हणायचे.
वर्गात पांढरे केस असलेले दोघंच – सर आणि मी.
ह्यांना फोनवर सांगितलं तर हसत सुटले. "तूच गेलीस ना स्वेच्छानिवृत्ती घेऊन परदेशी शिकायला? आता बस बाकावर."

१७ सप्टेंबर
सरांनी गट पाडले. माझ्या वाट्याला तीच उंच मुलगी, आणि मागच्या बाकावरचा तो गप्प मुलगा. तिघं तीन देशांचे. कॅम्पसमागून वाहणारा ओढा आमच्याकडे आला. पाणी किती, वेग किती, काठ कुठे खचतो ते मोजायचं आणि डिसेंबरच्या आत सगळ्यांसमोर मांडायचं. वर्षाचे निम्मे गुण यावरच.
मी उत्साहाने पहिला आराखडा करून नेला. मुलीने वाचला, खाली ठेवला. म्हणाली, "हे चुकलंय. सुरुवात पुन्हा करावी लागेल." तोंडावर! मुलगा म्हणाला, "छान आहे. खूप मेहनत घेतलीत."
तिचं नाव रोखठोक. त्याचं मौनीबाबा. अर्थात इथे वहीत. बाहेर कुणाला कळता कामा नये.

२५ सप्टेंबर
आराखडा खरंच चुकला होता. पुन्हा केला. रोखठोक म्हणाली, "आता बरा आहे." एवढंच. पण तिच्या 'बरा'वर मी दिवसभर हवेत होते.
मौनीबाबाने विचारलं, तुमच्या भाषेत आईच्या वयाच्या बाईला काय म्हणतात? नाव घ्यायला त्याची जीभ रेटत नाही म्हणे. मी 'मावशी' सांगितलं. 'व' त्याला येत नाही, 'माउशी' म्हणतो. गोड वाटतं.
गंमत अशी की आम्ही तिघं ज्या परक्या भाषेत बोलतो तिच्यात तू आणि तुम्ही एकच. तरी तो बोलतो ते मला 'तुम्ही' ऐकू येतं आणि ती बोलते ते 'तू'.

६ ऑक्टोबर
मौनीबाबाने प्रयोगशाळेत माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली. रोखठोकने विचारलं, "तुला उभं राहायला त्रास होतो का?" मी म्हटलं नाही. "मग मी बसते," म्हणाली आणि बसली.
रागवावं की हसावं कळेना. हसले.

१९ ऑक्टोबर
जसं झालं तसं लिहिते.
सकाळी ओढ्यावर गेलो. रात्री पाऊस झाला होता, पाणी चढलेलं. मोजपट्टी पलीकडच्या काठाला रोवायची होती. मी म्हटलं, इथूनच उतरून पार जाऊ, गुडघाभर तर पाणी आहे. जायचं ना?
मौनीबाबा म्हणाला, "माउशी, पुलावरून गेलं तर पलीकडची झाडंही बघता येतील."
मी म्हटलं, "झाडं नंतर बघू रे. पुलाला केवढा वळसा."
"तुमचे बूट नवे आहेत," तो म्हणाला.
"बूट वाळतात."
"हो," म्हणाला. "मग मी पुढे होतो."
रोखठोक म्हणाली, "मी नाही येणार. हा काठ मला पटत नाही." आणि पुलाकडे चालू लागली. मनात आलं – बोलायला वाघ, पाण्याला भित्री.
मौनीबाबाने काठावर पाय ठेवला आणि काठच गेला. मातीचा एवढा मोठा लगदा त्याच्यासकट खाली. दगडावर हात आपटल्याचा आवाज आला. मी किंचाळले असणार, कारण रोखठोक पुलावरून पळत आली. तिनेच त्याला वर ओढलं. मोजपट्टीचा तुकडा आणि स्वतःचा मफलर घेऊन हात बांधला, रुग्णवाहिका बोलावली. मी नुसती उभी. चिखलात रुतलेले माझे नवे बूट तेवढे आठवतात.
मनगट मोडलंय. दोन ठिकाणी.

२० ऑक्टोबर
रुग्णालयात गेले. तो उशीला टेकून बसला होता. मला बघून उठायला लागला. प्लॅस्टरमधला हात घेऊन! वर माझीच माफी मागितली. त्याच्यामुळे मोजणी राहिली म्हणून.
मी विचारलं, "तुला ठाऊक होतं काठ कच्चा आहे ते?"
"हो. आमचं घर नदीकाठीच आहे. खालून पोखरलेली माती वरून ओळखू येते."
"मग बोलला का नाहीस?"
तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "बोललो की, माउशी. दोनदा."
झाडं. बूट.
म्हणजे तो मला जाऊ नका म्हणत होता, आणि मी झाडांबद्दल बोलत होते. मी ऐकत नाही म्हटल्यावर स्वतः पुढे झाला, म्हणजे पडायचंच असेल तर तो पडेल. आणि मी समजले, मुलगा आज्ञाधारक आहे.

२१ ऑक्टोबर
दिवसभर तेच डोक्यात. मला हे कळू नये? आमच्या घरात तरी कोण सरळ नाही म्हणतं? 'बघू', 'कळवतो', 'जमवायचा प्रयत्न करते' – या सगळ्यांचा अर्थ मला झोपेतही कळतो. सासूबाई 'तुझी इच्छा' म्हणाल्या की मी हातातलं काम खाली ठेवायची. तोच सूर परक्या भाषेत आला आणि माझे कान बंद! मी त्याचे शब्द ऐकले. माणूस ऐकला नाही.

२३ ऑक्टोबर
सरांनी तिघांनाही बोलावलं. मौनीबाबा प्लॅस्टर घेऊन आला. सरांची खोली लहान, खुर्च्या दोनच. तिघंही उभे.
मला भीती होती की रोखठोक आता माझं सगळं सांगणार. तिने सांगितलंच. माझ्यासमोर, माझ्याकडे बघून. "निर्णय हिचा होता आणि चुकीचा होता." मी मान खाली घातली. मग म्हणाली, "पण काठ खराब आहे हे मलाही दिसत होतं. मी फक्त स्वतःपुरतं नाही म्हटलं आणि निघून गेले. या दोघांना थांबवलं नाही. ते माझं चुकलं." तिला कुणी विचारलं नव्हतं. कुणाला कळलंही नसतं.
आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये असं बोलणारं एक माणूस मी पाहिलं नाही. जे बोलायचं ते त्या माणसाची पाठ वळल्यावर.
सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओढ्यावर जायची परवानगी बंद. पुन्हा असं होणार नाही याची त्यांना खात्री पटली तरच काम पुढे चालू. नाहीतर गट रद्द. "आठवड्यात सांगा," म्हणाले.

२७ ऑक्टोबर
तिघं ग्रंथालयाच्या तळमजल्यावर बसलो. रोखठोकचं म्हणणं – सोपं आहे, ज्याला धोका दिसेल त्याने थांबा म्हणायचं. मौनीबाबा म्हणाला, "चांगली कल्पना आहे." आता मला ऐकू येतं! म्हटलं, ही कल्पना त्याला जमणारी नाही. रोखठोक चकित. "पण तो तर चांगली म्हणाला." मी म्हटलं, "तेच तर."
ती वैतागली. "मग खरं काय ते कळणार कसं?" प्रश्न बरोबर होता. त्यात कुचेष्टा नव्हती, तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मग तिने त्यालाच विचारलं, "तुला माझा राग येतो का, मी अशी बोलते म्हणून?"
तो बराच वेळ गप्प. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, थांब. ती ओठ चावून थांबली. तिला ते किती जड गेलं ते मी पाहिलं.
तो म्हणाला, "आधी भीती वाटायची. आता बरं वाटतं. तुझ्या मनात काय आहे याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही."
रोखठोकचे कान लाल झाले.

२८ ऑक्टोबर
सुचलं! शाळेतलीच युक्ती. वर्गात 'समजलं ना?' विचारलं की सगळे माना डोलावतात. 'यातलं अवघड काय वाटलं?' विचारलं की हात वर येतात.
ओढ्याचा नकाशा पसरून मौनीबाबाला विचारलं, "इथे काय काय बिघडू शकतं, सांग बरं." त्याने वाकून पाहिलं. आणि बोलायला लागला. काठ, वळण, झाडाची उघडी मुळं, पाण्याचा रंग कधी बदलतो, आवाज कधी बदलतो. चहा गार झाला तरी तो बोलतच होता. वडीलधाऱ्यांनी विचारलेल्याचं उत्तर देणं म्हणजे मान राखणं. त्यांना अडवणं म्हणजे मान मोडणं. माणूस तोच, माहिती तीच. फक्त दार दुसरं होतं.
रोखठोक भराभर लिहून घेत होती. मध्येच माझ्याकडे बघून म्हणाली, "हा इतकं बोलतो?"

३० ऑक्टोबर
सरांना सांगितलं – उतरण्याआधी प्रत्येकाला हाच प्रश्न विचारायचा, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. थांबण्याची जबाबदारी रोखठोकने आपण होऊन घेतली. परवानगी मिळाली.

१२ नोव्हेंबर
ओढ्यावर पूर्ण दिवस. पुलावरून गेलो. मौनीबाबा एका हाताने घड्याळ लावत होता, रोखठोक पाण्यात उतरून वेग मोजायला चेंडू सोडत होती, मी आकडे मांडत होते. दुपारी मी पाव आणि उकडलेली अंडी काढली. मौनीबाबाला एका हाताने अंडं सोलता येईना आणि तो मागेना. रोखठोकने विचारलंच नाही. सोललं आणि त्याच्या डब्याच्या झाकणात ठेवलं. ती, जी विचारल्याशिवाय काही करत नाही!
मी ओढ्याकडे बघायचं सोंग केलं.

२४ नोव्हेंबर
लेकीचा फोन. म्हणाली, "आई, तू हल्ली बोलून झालं की गप्प बसतेस. लाइन तुटल्यासारखं वाटतं." म्हटलं, थांबायला शिकतेय. "कुणाकडून?" "एका पोराकडून आणि एका पोरीकडून." तिला वाटलं मला बरं नाही.

२९ नोव्हेंबर
आज मांडणी झाली. सगळा वर्ग, तीन परीक्षक. मध्येच सर म्हणाले, या वळणावर वेग कमी असणार, तुमचा आकडा जास्त दिसतो. मी आणि रोखठोक एकमेकींकडे बघायला लागलो. आकडा मौनीबाबाचा होता.
तो उभा राहिला. प्लॅस्टर निघालंय, पण हात अजून जपून धरतो. म्हणाला, "सर, कमी वेग धरला तर काय बिघडू शकतं, असं आपण मला विचाराल का?"
वर्ग हसला. सरही हसले. म्हणाले, "विचारलं. सांग."
त्याने सांगितलं. खडू घेऊन, फळ्यावर, वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी कसं धावतं ते. सर पुढे जाऊन फळ्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मी आतला काठ धरत होतो. तुझं बरोबर आहे."
रोखठोकने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकटीनेच. मग सगळ्यांनी.
बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "तू चांगलं काम केलंस." शाळेत निरोपाच्या दिवशी शाल मिळाली होती. तिचं एवढं बोलणं त्याहून जड वाटलं.

२ डिसेंबर
गाडीत लिहिते आहे. रोखठोकची आई महिनाभर अंथरुणाला खिळून होती, आज सकाळी डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून घेतलं. महिनाभर! आणि आम्हाला एक शब्द नाही. वसतिगृहाच्या दारात बॅग घेऊन उभी दिसली म्हणून कळलं. मी म्हटलं, सोबत येते. "नको," म्हणाली, "मला एकटीला जमेल." तिच्या शब्दाचा मी आजवर कधी उलटा अर्थ लावला नव्हता. आज लावला, आणि कोट घालून निघाले. ती अडवेल असं वाटलं होतं. तिने माझं तिकीट काढलं.
आत्ता खिडकीबाहेर बघत तिने विचारलं, "अशा वेळी आईशी काय बोलायचं असतं?"
मला माहीत नाही. तसंच सांगितलं.