सुकलूच्या हालत्या दाढा

आलापल्ली
१८ नोव्हेंबर १९८४

ती. गुणवंतभाऊस,
धाकट्या बहिणीचा सविनय जयभीम. वि. वि. आम्ही इथी बरे आहोत, तुमी आणि वहिनी बरे असान.

यंदाही दंडारीच्या खेळात राजाचं सोंग यांचंच आहे. लाकडाच्या डेपोतून आले की तालमीले बसतेत. सारं गाणं यांच्याच गळ्यावर. पण यांच्या खालच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा हालून राह्यल्या, गालही सुजला. पस्तिशीतच म्हातारा झालो, भाऊले तुयासाठी दुसरा नवरा पाहाले सांग, म्हणून मले हसवतेत. मी लवंग देते, मिठाचं पाणी देते, पण तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडातून निघन तवा ना! तुमच्या घराजवळ दाताचा डॉक्टर आहे. मोठ्या माणसाचे दात काऊन हालते, त्याले विचारून कळवा.

वहिनीले जयभीम. बहिणीची आठवण ठेवत जा.
तुमची,
धुरपता

चंद्रपूर
२६ नोव्हेंबर १९८४

चि. धुरपतास अनेक आशीर्वाद.

दुसरा नवरा पाहायची गरज नाही, जुनाच दुरुस्त करून घेऊ, असं आमच्या सुकलू जवाईबापूंना सांग.

डॉक्टरांना भेटलो. लहान पोरांचे दुधाचे दात हलतात ते चांगलंच, पण मोठ्या माणसाचा दात उगाच हलत नाही, असं ते म्हणाले. बहुतेकांच्या हिरड्या खराब झालेल्या असतात. दातांवरचा कीट काढून हिरड्या सुधारल्या की कधी कधी दात पुन्हा घट्टही होतात. तोपर्यंत ते हसून बोलत होते. मग मी खर्ऱ्याचं सांगितलं, एकाच बाजूची सूज सांगितली, आणि त्यांचं हसणं थांबलं. दाढ कोणालाही उपटू देऊ नका, आधी मला दाखवा, असं दोनदा बजावलं. खालचा ओठ बधिर लागतो का, तेही विचारलं आहे.

मी शाळेतून रजा काढतो. तालीम दोन दिवस थांबेल. वहिनीनं तुझ्यासाठी जवसाची चटणी करून ठेवली आहे. पत्र नको, तुम्हीच या.
तुझा भाऊ,
गुणवंत

आलापल्ली
१३ जानेवारी १९८५

ती. भाऊस जयभीम.

रागावू नका. आज या गावच्या मंडईची जत्रा, उद्या त्या गावची दंडार, असं करता करता दिवस गेले. राजाच गेला तर खेळ कोन करन, म्हणाले. मागच्या बाजारात मले न सांगता तिथल्या दात काढणाऱ्याकडून दोन्ही दाढा काढून आले. सहज निघाल्या म्हणे. पण खड्डा भरला नाई, त्यातून मांस वर येऊन राह्यलं. बाजूचीही दाढ हालते. ओठावरून चहा सांडते तरी त्याईले समजत नाई.

परवा दंडारीत गाता गाता तोंडातून रक्त आलं. लोकाईले वाटलं खेळातलंच आहे. टाळ्या वाजवल्या. भाऊ, मी बायांत बसली होती, मले उठताच नाई आलं.

आता यायले कबूल झाले. मंगळवारच्या एस्टीने येतो. पोरीलेही आणते.
तुमची,
धुरपता

नागपूर
४ फेब्रुवारी १९८५

चि. धुरपतास आशीर्वाद.

पोरीला गोवर निघाला म्हणून तुला चंद्रपुराहून परत जावं लागलं. आता तिला बरं असेल.

तुला गोड करून लिहिता आलं असतं, पण ते मला जमणार नाही. जवाईबापूंच्या जबड्यात कॅन्सर आहे. आतलं हाड पोखरलं गेलं, म्हणून दाढा सैल झाल्या होत्या. काल ऑपरेशन झालं. खालचा डावा जबडा काढला. शुद्धीवर आहेत, मला ओळखतात. डॉक्टर म्हणतात, थोडंफार बोलता येईल. गाता येणार नाही.

आदल्या दिवशी ते दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बसून राजाची सारी गाणी एकामागून एक म्हणाले. बाकीचे रोगी ऐकायला गोळा झाले. मी थांबवलं नाही. शेवटी मला म्हणाले, धुरपताले सांगू नका, रडन ते. तरी सांगतो आहे.

जेवत जा. मी इथेच आहे.
तुझा,
गुणवंत

आलापल्ली
२ जुलै १९८५

ती. भाऊस जयभीम.

तुमी याईले माती देऊन गेले, तवा घरात माणसं होती. एक गोष्ट बोलायची राहून गेली.

नागपूरहून आल्यावर यांचं बोलणं कोनाले समजत नव्हतं. मले समजे. लोकं मलेच विचारत, हे काय म्हणतेत, आणि मी सांगे. मानेत गाठ आली तरी आमचं बोलणं चालूच होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी मी पेज पाजत होती. यांनी माझा हात धरला आणि काही बोलले. लंबं बोलले. मले नाई समजलं. पाणी पायजे का विचारलं, पोरीले बोलावू का, भाऊले बोलावू का. मान हलवून नाई म्हणाले. पुन्हा तेच बोलले, हळूहळू, एकेक शब्द. पुन्हा नाई समजलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि जाऊ दे म्हणाले. तेवढं साफ समजलं. दुपारी गेले.

सासूबाई म्हणते, दुखण्यात माणूस बडबडते. पण ते बडबडत नव्हते, भाऊ. मले सांगत होते. धान रोवता रोवता मी ते आवाज तसेच्या तसे तोंडाने काढून पाहते. एखाद्या दिवशी समजन वाटते. पोरगी विचारते, आई, तू कोनाशी बोलून राह्यली?

आता ते आवाजही मी थोडे थोडे विसरून राह्यली आहे.

भाऊ, एकदा येऊन जा.
तुमची,
धुरपता