दोन्ही वाट्यांत पेढा

८ फेब्रुवारी, शनिवार

आई, तू गेल्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही, माफ कर. रोज वही लिहिणाऱ्या मला वेळ नव्हता असं म्हणता येणार नाही. लिहायला बसले असते तर एका गोष्टीपाशी यावंच लागलं असतं, आणि तीच टाळत होते. आज टाळता येत नाही. उद्या मालेगावला आपल्या घरी दादाच्या मुलीचं डोहाळजेवण आहे आणि सकाळी वहिनीचा फोन आला, "ताई, वाट्या तुमीच भरा. माह्या हाताचं नको."

वहिनीच्या डोहाळजेवणालाही वाट्या मीच भरल्या होत्या. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. स्वयंपाकघरात मी एका वाटीत पेढा ठेवते आहे, दुसरीत बर्फी. दोन्ही झाकायच्या, पोटुशीनं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तू कढईवरची नजर न काढता म्हणतेस, "दोन्हीतही पेढाच ठेव."

"काहून?"

"ठेव म्हटलं त ठेव. कॉलेजात गेली म्हनून सारंच इचारशीन काय?" मग दार लोटून, हळू आवाजात, "निदान दोन मह्यने तिले कोनी बोलनार नाही. जरा बसाले भेटंन."

वहिनीनं वाटी उघडली, बाया हसल्या, ओव्या म्हटल्या. त्या घरात तिला इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. दुसऱ्या दिवशी बाबा बाजारातून रबरी पाईप घेऊन आले आणि स्वतः नळाला बांधला. सातव्या महिन्यापर्यंत हंडे वाहणाऱ्या सुनेला म्हणाले, "आता वझं उचलू नको. नातू येऊन राह्यला." तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. मला आपल्या हुशारीचा अभिमान वाटला, हे लपवत नाही. उरलेली बर्फी मी उभ्या उभ्या खाल्ली होती.

मग मुलगी झाली. वहिनी माहेरून परत आली तोवर पाईप गुंडाळून खुंटीला अडकवलेला होता. बारशाला शेजारच्या काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिच्या हातालेच गुण नाही. उचलला पेढा अन् आनली पोरगी." सगळे हसले. तूही हसलीस, की पाळण्याची दोरी सरळ करायला नुसती वाकली होतीस? हे मी स्वतःला फार वेळा विचारलं आहे. मी काय करत होते ते मात्र पक्कं आठवतं. मी पानं लावत होते आणि गप्प होते. वहिनीही हसली. पण त्या दिवसापासून कोणाचीही ओटी भरायची वेळ आली की ती मागे सरकते. "माह्या हाताचं नको." आधी ती थट्टेनं म्हणायची, आता नेमानं म्हणते. दादाच्या हाताबद्दल कोणी कधी काही बोललं नाही. तोही त्याच मुलीचा बाप झाला होता. लोकांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली, "होते, पुढच्या टायमाले," आणि तो दुकानावर गेला.

तू ते दयेनं केलंस, हे मला कळतं. पण आपण तिला कोणापासून वाचवत होतो? आपल्याच घरापासून ना? बाबांना सरळ "पाईप आना" असं तुला सांगता आलं नाही. मी पोटात असताना तुला कोणी बसू दिलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. तुझ्या शेवटच्या वर्षी मी वाशीमला नोकरीवर, रविवारी येऊन जायची. वहिनी तुला भरवायची, तुझी वेणी घालायची, त्याच हातानं. एकदा तू तो हात धरून ठेवलास आणि बराच वेळ सोडला नाहीस. सांगायचं होतं का तुला?

दुपारी भाचीचा फोन. "आत्या, मी एकटीच काहून वाटी उचलू? त्याले बसव माह्या बाजूले. लेकरू का माह्या एकटीचं हाय?" मागून वहिनीचा आवाज, "मानसाले पाटावर बसवते काय कोनी? मंग त्याचीबी ओटी भरा, साडी नेसवा." दोघी खिदळत होत्या. मीही हसले. मग भाची आवाज उतरवून म्हणाली, "आई म्हनते, मी दुरूनच पाहीन. माही ओटीबी भरत नाही म्हनते. तू समजाव ना तिले."

समजावायचं म्हणजे सांगायचं. सांगितलं तर वहिनीला तिचा हात परत मिळेल आणि जिच्या फोटोला ती रोज फूल वाहते ती सासू कदाचित जाईल. हे ठरवणारी मी कोण? की तिच्या नावाखाली मला माझंच ओझं उतरवायचं आहे? खरंच कळत नाही. एवढंच कळतं की मी गप्प राहिले तर उद्या ती स्वतःच्या लेकीच्या पाटामागे उभी राहील.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, वहीतच राहील. आणि एक कबूल करते. भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीही मी वहीत दुसऱ्या दिवसाचं हेच काम लिहून ठेवलं होतं. आज ते पान काढून पाहिलं. बाकीच्या कामांवर काट मारलेली आहे, यावर नाही.

उद्या : वाट्या भरायच्या आधी वहिनीला सांगणे.