चौतीस फूट मागे

९ मे, सकाळी ११
काल घराच्या किल्ल्या नव्या मालकाला दिल्या. आज डीलरकडून ट्रेलर ताब्यात घेतला. चौतीस फूट. याचं नाक पिकअपच्या हौद्यात जोडायचं असतं, म्हणजे आता आमचं अख्खं घर माझ्या मानेमागे. रिटायर झाल्यावर अमेरिका बघायची हे माझं जुनं स्वप्न. नॅडीनचंही. म्हणजे तिला मी तसं सांगितलं होतं.
डीलरने विचारलं, कॅम्पच्या जागेत रिव्हर्स घ्यायची सवय आहे का? मी नुसता हसलो. एकतीस वर्षं विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासलेत. कोण चुकलं हे मला दुरून दिसतं. ज्याला दुसऱ्याची चूक दिसते त्याच्या हातून चूक होत नाही.
नॅडीन म्हणाली, हार्लन, तो शिकवतो म्हणतोय तर अर्धा तास शिकून घे ना.
हिला चारचौघांत बोलायचं कधी कळणार?

११ मे, रविवार
चर्चची माणसं घरी गेल्यावर त्यांच्या मोकळ्या पार्किंगमध्ये सराव. आठ प्लास्टिकचे शंकू लावून जागा आखली. तंत्र सोपं आहे: स्टिअरिंग खालून धरायचं आणि ट्रेलरचं ढुंगण जिकडे न्यायचं तिकडे हात न्यायचा. बस. लोक उगाच बाऊ करतात.
आठपैकी सहा शंकू आडवे. नॅडीनने ते चुकीच्या जागी लावले होते.
उरलेले दोन मला लागलेच नाहीत. ही चांगली सुरुवात.

२० मे, दुपारी ४
मिशिगनमधला पहिला कॅम्प. तळ्याकाठची बावीस नंबरची जागा. लागलेला वेळ: एक तास दहा मिनिटं. यात नॅडीनशी बोलण्यात गेलेला वेळ धरलेला आहे.
मागे उभं राहून इशारे करायचं काम तिला दिलंय. तर ही दोन्ही हात हवेत उडवते. थांब म्हणतेय, ये म्हणतेय की माशा हाकलतेय, कळायला मार्ग नाही. मी खिडकीतून डोकं काढून विचारलं, बाई, तू नाचतेयस का? आजूबाजूचे लोक घडीच्या खुर्च्या आणि बिअर घेऊन बघायला बसले होते, ते खूप हसले. वातावरण छान झालं. नॅडीन हसली नाही.
शेवटी ट्रेलर थोडा तिरका राहिला, पण आत. एक चाक शेकोटीच्या कड्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अनोळखी माणसांनाही कसब ओळखता येतं.
संध्याकाळी नॅडीनने बटाट्याचं सॅलड केलं. स्वतः खाल्लं नाही.

२१ मे
हातांच्या इशाऱ्यांचा तक्ता केला. अकरा खुणा, चित्रांसकट. प्लास्टिकमध्ये बसवून तिच्या गळ्यात अडकवला. रोज नाश्त्यानंतर उजळणी घ्यायची.
'उतरून बघा' हा सल्ला सगळ्या पुस्तकांत असतो. शंका आली की गाडी थांबवायची, उतरायचं, मागे जाऊन बघायचं. हे नवशिक्यांसाठी. अख्ख्या रांगेसमोर खाली उतरणं म्हणजे मला येत नाही अशी दवंडी. मी उतरणार नाही. लिहून ठेवतो.

२ जून
विजेचा खांब. म्हणजे पुरता खांब नाही, कमरेएवढी पेटी. ती जागेच्या अगदी काठावर लावलेली, यात बसवणाऱ्याची तीस टक्के चूक. नॅडीनने सातवी खूण, म्हणजे 'थांब', करायच्या ऐवजी 'हार्लन! हार्लन!' असं ओरडून माझं लक्ष उडवलं, तिची साठ टक्के. दहा टक्के दैव.
अख्ख्या रांगेची वीज दुपारभर गेली. एका गृहस्थाचा फ्रीजमधला मासा खराब झाला. तो येऊन जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. मी त्याला सांगितलं, हे सगळं माझ्या बायकोशी बोला. तो बोललाही. वीस मिनिटं.
संध्याकाळी नॅडीनने तक्ता गळ्यातून काढून ठेवला. तिच्या अंगावर प्लास्टिकने पुरळ उठतं म्हणे.

३ जून
शेजारी एक म्हातारी आली. ओपल. वय चौऱ्याहत्तर, एकटीच. नवरा गेल्यावर सव्वीस वर्षं मालाचे ट्रक चालवायची. हिचा ट्रेलर आमच्याहून चार फूट लांब. एका हातात कॉफीचा कप, एका हाताने स्टिअरिंग, आणि एका दमात जागेत. मध्ये दोनदा खाली उतरली, मागे जाऊन बघून आली, परत चढली. कॉफी सांडली नाही.
नशीब. आणि तिची जागा सोपी होती.
माझ्याकडे येऊन म्हणाली, राजा, काल पलीकडच्या रांगेतून बघितलं तुला, तू हात फार लवकर फिरवतोस. हा लांबडा प्राणी आहे, उशिरा ऐकतो. थोडं वळव, थांब, बघ. ये उद्या, दाखवते.
मी म्हटलं, आजी, मी या धंद्यात एकतीस वर्षं होतो.
ती म्हणाली, कुठल्या? खांब पाडायच्या?
उद्धट बाई. नॅडीन मात्र तोंडावर हात ठेवून आत पळाली. तिला शिंका येत असाव्यात.

२६ जून
ओपल आमच्याच वाटेने चाललीय. तिसऱ्या कॅम्पवरही शेजारी. नॅडीनचं तिच्याशी मेतकूट जमलंय. बरंच झालं, मला पिकअपचे आरसे नीट लावायला निवांतपणा मिळतो.
इथल्या जागेत शिरायला पन्नास मिनिटं. प्रगती. एक झाड लागलं, पण ते आधीच वाकलेलं होतं.
नॅडीनने विचारलं, एकदा मी चालवून बघू? मी समजावलं, हे अंतर आणि कोन यांचं काम आहे, तुला घरच्या कपाटाचा खण सरळ लावता येत नाही. तिने हातातलं फडकं घडी घालून ठेवलं. मग म्हणाली, बरं.
समजूतदार आहे. नीट सांगितलं की ऐकते.

८ जुलै
नॅडीन आणि ओपल रोज सकाळी सातला ब्लूबेरी तोडायला जातात. ओपलचा ट्रेलर घेऊन जातात. त्या बोचक्याशिवाय म्हातारीला कुठे जाववत नाही बहुतेक. नऊला परत. बेरी एकही नाही. विचारलं तर म्हणते, यंदा पीक कमी आहे. पण गुणगुणत येते. मोकळी हवा मानवली.
नवं: एकमेकांशी बोलायला दोन वायरलेस संच घेतले. आता खुणांचा घोळ नाही.

१७ जुलै, हॉस्पिटल
घाईत लिहितोय. नॅडीनच्या पायाच्या दोन हाडांचे तुकडे.
झालं असं. जागा माझ्या आंधळ्या बाजूला होती, म्हणजे पॅसेंजरच्या बाजूने मागे वळायचं, आरशात काही दिसत नाही. मी तिला सांगितलं, अजून मागे जा, झाड आणि ट्रेलरच्या मध्ये उभी राहा. ती म्हणाली, तिथे अडकले तर निघता येणार नाही. मी म्हटलं, मी आहे ना. ती गेली. मग वायरलेसवर ती एकसारखी बोलू लागली. सूर असा की एकाग्रता राहीना. म्हणून मी आवाज बंद केला. मुद्दाम नाही. म्हणजे मुद्दाम, पण तात्पुरता.
चाक पावलावरून गेलं. लोक ओरडले तेव्हा मी गाडी पुढे घेतली, म्हणजे ते पुन्हा गेलं.
ॲम्ब्युलन्स आत येईना, कारण ट्रेलर रस्त्यात आडवा. मी दोनदा प्रयत्न केला. मग ओपलने मला हाताला धरून खाली उतरवलं आणि स्वतः चढली. चार मिनिटांत ट्रेलर जागेत. खरं तर नव्वद टक्के मीच आत घेतला होता.
नर्सने विचारलं, हे कसं झालं? मी तिला कागदावर आकृती काढून दाखवली. स्टीलचे बूट घालायला सांगायला हवं होतं, एवढी माझी चूक. पाच टक्के.
नॅडीनला हे समजावत होतो तर तिने नर्सला विचारलं, यांना बाहेर बसवता येईल का?
औषधांचा अंमल.

१९ जुलै
इंडियानातून आमची मुलगी क्रिस्टा आली. आईला आपल्या घरी, फोर्ट वेनला घेऊन गेली. मला म्हणाली, बाबा, तू येऊ नकोस इतक्यात. मी म्हटलं, येणार कसा, ट्रेलर कोण सांभाळणार? ती म्हणाली, तोच सांभाळ.
नॅडीनने काचेतून हात हलवला. अकरा खुणांपैकी कुठली ते कळलं नाही.

३० जुलै
रोज घेवड्याचा डबा आणि हॉट डॉग. एकांतात विचार स्पष्ट होतात. नॅडीन फोन घेत नाही, क्रिस्टा घेते. म्हणते, आई झोपलीय. सकाळी दहाला, दुपारी दोनला, संध्याकाळी सहाला. हाड जुळायला इतकी झोप लागते हे माहीत नव्हतं.
हल्ली आरपार जागाच घेतो. एका टोकाने शिरा, दुसऱ्या टोकाने निघा. रिव्हर्स नाही. घाबरून नव्हे, पिकअपला विश्रांती म्हणून.

४ ऑगस्ट
ओपल आपल्या वाटेने निघाली. जाताना विचारलं, नॅडीनचं काय? मी म्हटलं, बरी होतेय, लवकरच परत कामाला लावतो.
तर म्हणाली, गाढवा, ती तीन आठवडे रोज माझा ट्रेलर मागे घेत होती. पाचव्या दिवशी एका दमात घेतला. तुला दाखवायचं होतं तिला. वाढदिवसाला. अठराला होता ना?
होता, अठराला. हॉस्पिटलमध्ये सांगितलं नाही कुणी.
म्हणजे ब्लूबेरीचं पीक चांगलं होतं.

५ ऑगस्ट
काल रात्री विचार केला. माझ्यामागे शिकली याचा अर्थ तिला माझ्याइतकं व्हायचं होतं. हे प्रेमच आहे. आता माझी पाळी.
निश्चय: पंधरा दिवस सराव. उतरून बघण्यास हरकत नाही, बघायला कुणी नसेल तर.

१६ ऑगस्ट
मोकळ्या माळावर एकोणीस वेळा मागे घेतला. बहात्तर वेळा खाली उतरलो. गुडघे सुजले. हात थोडा वळवायचा, थांबायचं, बघायचं. हा प्राणी उशिरा ऐकतो. हे मी स्वतः शोधून काढलं.
सोळा वेळा सरळ आत गेला. रडू आलं. धूळ फार आहे इथे.

२४ ऑगस्ट
बेत ठरला. क्रिस्टाच्या घराशेजारी लांब, अरुंद वाट आहे. एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला तिने लावलेले गुलाब. न सांगता जायचं आणि नॅडीनच्या डोळ्यांदेखत, एकही ओरखडा न काढता, ट्रेलर तिथे नेऊन ठेवायचा. मग तिला म्हणायचं, चल. ती पुढच्या सीटवर बसेल. दक्षिणेकडे निघू. हिवाळा ॲरिझोनात.
माफी मागायची का? कृतीच बोलेल.

२९ ऑगस्ट, दुपारी ३
झालं. देवाशपथ झालं.
अकरा मिनिटं. सहा वेळा उतरलो, अख्ख्या गल्लीसमोर, लाज न बाळगता. गुलाबाची पाकळीसुद्धा हलली नाही. पलीकडचा एक माणूस गवत कापायचं यंत्र थांबवून बघत राहिला आणि म्हणाला, वा! खिडकीत नॅडीन उभी होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत होती. मी इंजिन बंद केलं.
ती काठी टेकत बाहेर आली. ट्रेलरभोवती एक फेरी मारली. गॅरेजपासूनचं अंतर वितीने मोजलं. म्हणाली, सरळ आहे.
मी म्हटलं, आहे ना?
म्हणाली, छत्तीस वर्षांत पहिल्यांदा तू एखादी वस्तू जिथे हवी तिथे ठेवलीस. आता त्याला पाय लाव आणि पिकअप सोडव.
मला वाटलं, रात्रीपुरतं. ट्रेलरचे पाय खाली सोडले, जोड काढला, पिकअप पुढे घेतला. क्रिस्टाने वीज आणि पाणी जोडलं. नळी आधीच आणून ठेवलेली होती. नॅडीन पायऱ्या चढून आत गेली. मी मागोमाग निघालो तर दारात वळली. म्हणाली, घर दोघांचं विकलंस, हे माझं. पिकअप तुझा. क्रिस्टाच्या मुलांची अडचण न करता मला इथे राहता येईल, आणि स्वयंपाकघर माझं मला असेल. हेच कसं आणायचं या काळजीत होते, तू घेऊन आलास.
मी म्हटलं, नॅडीन, मी तुझ्यासाठी शिकलो.
ती म्हणाली, माहितीय. मी बघितलं. फार छान घेतलास.
आणि खरंच मनापासून म्हणाली. तेच वाईट झालं.
दार लावलं. आतून कडीचा आवाज आला. कडी मीच बसवली होती, पक्की आहे.

३१ ऑगस्ट, मोटेल
विचार करतोय. एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आलेली नाही. तो ट्रेलर कधीतरी बाहेर काढावा लागेल. तेव्हा माणूस लागेल. मला फोन येईल.
नंबर तोच ठेवलाय. चार्जर भिंतीला, फोन उशीजवळ.
मागे ओझं नसलं की पिकअप किती हलका चालतो! आज मोटेलच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेतला. एका दमात. उतरून बघायची गरज नव्हती.
जेवून आलो तर काचेवर वायपरखाली चिठ्ठी. कुणाचं तरी अक्षर आहे, स्त्रीचं वाटलं. चष्मा लावून वाचली.
'तुमच्या गाडीने तीन जागा अडवल्यात. कृपया हलवा, नाहीतर आम्ही हलवू.'