दारूच्या गाण्यावर अभंग

३ नोव्हें. १९५८
आबा पेटीवाले आज पुन्हा हजर. जत्रेच्या डबलबारीत, दोन भजनी बुवांच्या सामन्यात, समोरच्या बुवांना गप्प करायला आमच्या ह्यांना नवी चाल हवी. बंदरावरच्या हॉटेलात गोव्याची एक तबकडी वाजते, तिची चाल आबांनी उचललीय. पहिली ओळ वाजली आणि ह्यांचा चेहरा बदलला. बोटीवर नोकरीला असताना हे तेच गात. पिऊन.

४ नोव्हें.
ह्यांना गाण्याचा अर्थ विचारला. सांगेनात. शेवटी, "अगो, तो गाणारो दारूकच सांगता, तुझ्याशिवाय माका कोण नाय."
मग इथे मालवणात मी कोण होते? माळ घातल्यापासून थेंब नाही ह्यांना. घरात मासळीसुद्धा बंद, मीही सोडली. समुद्राकाठी राहून! तेवढी माळ टिकू दे, बाकी काही नको.

७ नोव्हें.
आबांचा अभंग तयार. 'विठ्ठला, तुजवाचून मज कोणी नाही.' अहो, नुसतं नाव बदललंत! तोंडावर म्हटलं. तर म्हणतात, "वयनीनू, चालीक खंय वास येता?" हे हसले. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

१० नोव्हें.
रोज तालीम. डोकं उठलं. तबकडीत मध्येच पेल्याला पेला लागल्याचा आवाज आहे, नेमके तिथे आबांनी टाळ घातलेत. चाल गोड आहे हेच तर दुखणं. आज वर्गात फळा पुसताना मीच गुणगुणत होते. मुली फिदीफिदी.

१५ नोव्हें.
बारी जिंकली. लोकांनी तोच अभंग पुन्हा म्हणायला लावला. टाळ वाजले की ह्यांचा हात वर जायचा, बोटं वळलेली, पेला धरल्यासारखी. शेजारची बाई मला म्हणाली, "बघ गो, कसो तल्लीन झालो!"

१६ नोव्हें.
संध्याकाळी हे हॉटेलात निघाले. आणखी एक कडवं उचलायचंय म्हणे.
"थंय काय मिळता ता माका ठाऊक नाय?"
"अगो, गाणा ऐकूक जातंय."
दारूबंदी म्हणे! गोव्याहून होड्यांतून उतरतं ते काय नारळपाणी?
जेवणाच्या वेळेला आले. माळ गळ्यात होती. तोंडात बडीशेप. हॉटेलात देतात, म्हणाले. मी विचारलंही नव्हतं.

१७ नोव्हें.
सकाळी हे विहिरीवर आंघोळ करताना तीच चाल गुणगुणत होते. विठ्ठलाचं की दारूचं, ओळखायला कान देऊन दारात उभी राहिले. शब्द नाहीतच, नुसती चाल. शाळेची घंटा ऐकू आली तरी तशीच उभी होते.