पोतेवाल्याची दाढी

शुक्रवार, दिवेलागणीनंतर

उद्या उसात शेवटचा सीन होता आणि आता माझ्याकडे पोतेवालाच नाही.

लहानपणी जेवलो नाही की आई म्हणायची, पोतेवाला येईल, पोत्यात घालून नेईल. त्याच्यावरच पिक्चर काढतोय. नट परवडेना म्हणून वडिलांनाच उभं केलं. अण्णांनी हौसेनं दाढी वाढवली. काम इतकं भारी केलं की कॅमेरावाला श्रीकांतसुद्धा दचकला.

पण परवा माझी मुक्ता शूटिंग बघायला आली. तेव्हापासून पाच वर्षांची पोर आजोबांकडे फिरकत नाही. आज त्यांनी दूध-भाकरीचा घास पुढे केला, तर किंचाळून आईमागे लपली. अण्णा घास हातात धरून बसूनच राहिले. तो घास डोळ्यांपुढून जात नाही.

"तुझा पिच्चर झाला, पन माझी नात गेली," म्हणाले.

"अण्णा, उद्याचा एकच दिवस. मग काढा दाढी."

"आन् आज ती माझ्या भ्यानं झोपंल व्हय?"

चप्पल घालून निघून गेले. परतले ते गुळगुळीत दाढी करून. माझं डोकंच फिरलं. बोलणार, तेवढ्यात मुक्ता दाराआडून आली, त्यांच्या गालावर हात फिरवून म्हणाली, "पोतेवाला गेला?"

"गेला. लई लांब."

ती त्यांच्या मांडीवर चढली.

श्रीकांतला फोन करून सांगितलं, उद्याचं शूटिंग रद्द. त्यानं कारण विचारलं. म्हटलं, "पोतेवाला गेला. लई लांब."