दराब्याचा डबा गाडीतच होता

आबा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधी सांगते आणि मग बाकीचं. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? दर वर्षी श्राद्धाला भाऊ तुमच्या फोटोला हार घालतो, आई डोळे पुसते, आणि मी मागे उभी राहून मनातल्या मनात तुमच्याशी भांडत असते. या वेळी ते भांडण कागदावर उतरवायचं कारण असं, की मी एका लांबच्या बेटावर जाते आहे. जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे तुम्हीच शिकवलंत. मी मुद्दाम जाते म्हणते आहे.

पॅसिफिक महासागरातला इवलासा देश आहे. आधी फिजी गाठायचं, तिथून लहान विमान, आणि तेही रोज नसतं. तिथल्या केळीच्या बागांना रोग लागलाय, आणि मी नोकरीत जन्मभर केलं काय, तर बुऱ्हाणपुरात बसून काचेच्या बाटल्यांत केळीची निरोगी रोपं वाढवली. ते काम शिकवायला त्यांनी मला तीन महिन्यांसाठी बोलावलंय. देशाला मिळून एक दवाखाना. फार आजारी पडलं तर विमानाने दुसऱ्या देशात न्यायचं, आणि वाऱ्यापावसात विमान आलंच नाही तर वाट बघत बसायचं. वीज जाते, सामानाचं जहाज लांबतं, प्यायला टाकीतलं पावसाचं पाणी. आणि मला, आबा, तुमचाच आजार आहे. शुगर, आणि तीसुद्धा रोज सुई टोचून घ्यायची. म्हणून मी महिनाभर तयारीला लागले आहे. इन्सुलिन लागेल त्याच्या दुप्पट घेतलंय, दोन पिशव्यांत वाटून, दोन्ही हातातल्या सामानात. वीज नसली तरी ते गार राहावं म्हणून पाण्यात भिजवायची एक पिशवी मिळते, ती आणली. डॉक्टरांची चिठ्ठी आहे, विमानाने हलवायचा खर्च देणारा विमा आहे. बूटसुद्धा ब्रश लावून तळापासून घासले, कारण आपल्या शेतातल्या मातीबरोबर आपल्या केळीचा रोग त्यांच्याकडे नेला तर मला बोलावून त्यांनी काय मिळवलं? हे सगळं करताना तुमची आठवण येत होती आणि प्रत्येक वेळी डोकं तापत होतं.

कारण तयारी म्हणजे काय, हे मी तुमच्याच दुकानात शिकले. बुऱ्हाणपुरात शनवाऱ्यातलं आपलं पाण्याच्या मोटारी-पाइपांचं दुकान. शाळा सुटली की मी तिथे गल्ल्यामागे बसायची. केळीवाला शेतकरी तोंड पाडून आला, मोटर बंद पडली म्हणाला, की तुम्ही कडाडायचात, "बंद पडल्यावर कायले येतो? पहिलेच एक वॉशर जादा घेऊन ठेवत जाय ना. बाग सुकल्यावर मी काय करू?" तुकईथडहून आलेला माणूस परत निघाला तरी तुम्ही हाक मारून त्याच्या पिशवीत जास्तीचा वॉशर टाकायचात. मोटारीला उद्या काय होईल हे तुम्ही खुशाल बोलायचात. मोटारीला अपशकुन होत नाही ना. माणसाचं नाव आलं की तुमच्या तोंडाला कुलूप.

मी शिकायला इंदूरला निघाले तो दिवस आठवतो. आई स्वयंपाकघरात माझ्या हातावर दही घालते आहे, तुम्ही दारात रिक्षेची वाट बघता आहात, आणि मी विचारते, "आबा, तिथे मला ताप आला तर कोणाला सांगू?" साधा प्रश्न. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने विचारावा असाच. तुम्ही वळून असं बघितलंत जसं मी देवघरात चप्पल घालून शिरले. "निघायच्या वक्ताले असं बोलतात का? शुभ बोल." आणि मग हसून म्हणालात, "शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली." सगळे हसले. मीही हसले. तो ताप मला खरंच आला, आणि होस्टेलच्या खोलीत मी नुसती पडून राहिले, कारण कोणाला सांगायचं ते कोणी सांगितलेलंच नव्हतं. बॅगेच्या तळाशी तुम्ही गुपचूप ठेवलेली टॉर्च मात्र सापडली, जास्तीच्या सेलांसकट. म्हणजे अंधार पडेल हे तुम्हाला ठाऊक होतं. फक्त तोंडाने म्हणायचं नव्हतं. त्या टॉर्चचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, आबा, टॉर्चऐवजी दोन वाक्यं दिली असतीत तर चाललं असतं.

आणि मग तुमची ती बस. ओळखीपाळखीच्या लोकांनी मिळून ठरवलेली, सोमनाथ-द्वारकेची. जन्मभर तापीचं पाणी पाहिलं, एकदा समुद्र पाहू, असं तुम्ही गिऱ्हाइकांनाही सांगत सुटला होतात. तुमची सुई घरात आईशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. आम्हा मुलांनासुद्धा नाही. स्वयंपाकघराचं दार लोटून ती तुम्हाला सुई द्यायची आणि आम्हाला वाटायचं, दोघं पैशाचं काही बोलतात. त्या दिवशी सकाळी धर्मशाळेत तुम्ही सुई घेतलीत आणि पुढे रस्त्यात गाडी बिघडली. जेवण लांबलं, आणि सुई घेऊन पोटात काही नसलं की रक्तातली साखर एकदम उतरते. तुम्हाला घाम फुटला, तुम्ही काहीतरी असंबद्ध बोललात, मग डोळे मिटलेत. शेजारच्याने तुमच्या अंगावर शाल घातली. "आबा थकले, झोपू द्या." चांगली माणसं होती, त्यांनी तुम्हाला झोपू दिलं. नातेवाइकांना द्यायला तुम्ही घेतलेला दराब्याचा डबा तुमच्या पायाशीच होता. रवा, तूप आणि साखर, आबा. नुसती साखर. एकाला जरी ठाऊक असतं तरी चिमूटभर तुमच्या जिभेवर पडली असती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, यांना शुगर आहे का, तेव्हा ती सगळी चांगली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. तो डबा तुमच्या कपड्यांबरोबर घरी परत आला. न फोडलेला. भावाने तो कोणालातरी देऊन टाकला आणि मी त्याच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही.

म्हणून मला शुगर निघाली तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगत सुटते. लॅबमध्ये लागले त्याच दिवशी सांगितलं, माझी जीभ अडखळली तर थट्टा समजू नका, साखर द्या. एकदा खरंच तसं झालं आणि बरोबरीच्या बाईने धावत साखरेचं पाणी आणलं. अर्ध्या तासात मी परत बाटल्यांपाशी बसले होते. एवढं सोपं असतं ते.

तर गेल्या रविवारी मी सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं. नवरा, भाऊ, आई. पोहे झाल्यावर म्हटलं, आता ऐका. तिथे मला काही झालं तर फोन कोणाला करायचा, विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत, विमान आलं नाही तर काय. नवरा निमूटपणे नंबर मोबाइलमध्ये उतरवून घेत होता. मग मी म्हटलं, तिथेच माझं बरंवाईट झालं तर देह आणायचा हट्ट धरू नका, तिथेच काय ते करा. भावाने कप आपटला. "जायच्या टायमाले मरणाच्या गोष्टी कायले करते? शुभ बोल ना." तुमचाच आवाज, आबा, तुमचीच मान वळवायची तऱ्हा. तो उठायला लागला, तेवढ्यात आई बोलली. इतक्या वर्षांत या विषयावर ती कधी बोलली नव्हती. "बस खाली. बोलू दे तिले. म्या नाई बोलली, तर काय झालं ते पाहिलं ना तुनं?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्या त्यायले म्हणलं होतं, सोबतच्या लोकायले सांगून ठेवा. तर म्हणे, आजारी माणसाले ते नेतील का? मले समुद्र पाहू दे."

म्हणजे शुभ-अशुभ हे सगळं थोतांड होतं? आयुष्यभर आमची तोंडं बंद केलीत, ताप आला तर काय हे विचारायची सोय ठेवली नाहीत, आणि शेवटी कारण काय, तर तुम्हाला बसमधली जागा सोडायची नव्हती? दुपारभर मी घरात आदळआपट करत होते. समुद्र काय पळून जात होता? सांगितलं असतंत, त्यांनी नेलं नसतं, तर मी नेलं असतं तुम्हाला. माझ्या पहिल्या पगारात नेलं असतं.

आता एक राहिलं, तेही सांगून टाकते. ज्या बाईंकडे मी तिथे उतरणार आहे, त्यांचा काल सकाळी व्हिडिओ कॉल आला होता. फार गोड बाई. त्यांनी पावसाचं विचारलं, जेवणाचं विचारलं, आणि मग म्हणाल्या, तब्येतीचं काही असेल तर आधीच सांगा, आमचा दवाखाना लहान आहे. मी म्हटलं, काही नाही, मी अगदी ठणठणीत आहे. वर हसले. सांगितलं असतं तर त्यांनी माझ्याऐवजी कुणी धडधाकट माणूस बोलावला असता, एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं. मला जायचंय, आबा, किती जायचंय ते कसं सांगू. घरच्यांना समोर बसवून मी सगळं सांगितलं, आणि जी माणसं तिथे माझ्या शेजारी असणार त्यांना काहीच ठाऊक नाही. उद्या पुन्हा त्यांचा फोन आहे. सांगायचं ठरवलंय. पण ठरवलं तर कालही होतं.