भाऊसाहेबांचा उपवास

रविवार, १२ जानेवारी १९९७

आणला एकदाचा! आता घरात तीन म्हातारे — हे, मी आणि हा. शिवाय तो काकाकुवा आहेच, स्वतःची पिसं उपटून नागडा बसलेला. त्याची लोकरीची बंडी अजून विणून व्हायचीय.

काल कोरमंगल्याहून विलास नावाच्या मुलाचा फोन. पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. "काकू, नको असलेले प्राणी तुम्ही घेता ना? अ‍ॅक्च्युअली मी नेक्स्ट वीक स्टेट्सला चाललोय." जाऊन बघते तर माशांच्या काचेच्या पेटीत हिरवागार सरडा — सरडा कसला, घोरपडीचा थोरला भाऊ! शेपूट दुमडून कोंबलेलं. इग्वाना म्हणे. मित्राने वाढदिवसाला दिला होता. "खातो काय?" तर म्हणे, "तोच प्रॉब्लेम आहे. बिस्किटं देतो, घेतच नाही." बिस्किटं! एक ठेवून द्यावीशी वाटली. चहा पिऊन निघाले.

गळ्याखाली कातड्याची झालर, नजर हेडक्लार्कची. नाव ठेवलं भाऊसाहेब. हे म्हणाले, "खाली आचार्यांना काय सांगायचं? गावाकडचे पाहुणे?"

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. भाऊसाहेबांनी तिळगुळाकडे बघितलंसुद्धा नाही. गोड बोलणं तर लांबच.

गुरुवार, १६ जानेवारी

अरे देवा!

माझी सगळी विद्या अर्धी ग्रंथालयातली, अर्धी ठेच लागून आलेली. पुस्तकात घोरपड अंडी खाते असं वाचलेलं. हा तिचाच भाऊबंद. म्हणजे अंडं हवं. पण खाली घरमालक भीमाचार्य! घर देताना त्यांची एकच अट होती — मोट्टे, म्हणजे अंडी, नाही, मांस नाही, गेटच्या आत तर नाहीच. इतकी वर्षं पाळली. आज कोथिंबिरीच्या जुडीखाली दोन अंडी दडवून आणली, तर जिन्याशीच आचार्य उभे. "कोत्तंबरी एष्टु, नीलाबाई?" भाव विचारत होते बिचारे. मला मेलीला घाम फुटला.

अंडं बशीत फोडून ठेवलं. भाऊसाहेबांनी मान फिरवली. मी गच्चीवर कपडे काढायला गेले तेवढ्यात ह्यांनी — "वाया कशाला घालवायचं?" — कांदा-मिरची चिरून ऑम्लेट केलं! दोन्ही अंड्यांचं! वास सरळ खालच्या देवघरात. आचार्य ओल्या सोवळ्यानिशी अर्ध्या जिन्यात. "एनु वासने इदु?" हे बाहेर आले. मिशीला पिवळं.

मी म्हटलं, "अंडी प्राण्यासाठी होती हो!"

"मग प्राण्यालाही घेऊन जा. युगादीच्या आत घर रिकामं."

युगादी म्हणजे आपला पाडवा. गुढी कुठे उभारायची आता?

शुक्रवार, १७ जानेवारी

ह्यांच्याशी बोलत नाही. देवनहळ्ळीच्या भाच्याला, कृष्णातला, फोन केला. त्याची द्राक्षाची बाग आहे, ऊन भरपूर. भाऊसाहेबांची सोय झाली तर आचार्य विरघळतीलही.

बुधवार, २२ जानेवारी

सकाळी भाऊसाहेब गायब! खिडकीची जाळी सरकलेली. तेवढ्यात खालून यल्लव्वाची किंकाळी — "अय्यय्यो, मोसळे! मोसळे!" दोन्ही घरची भांडी घासणारी ही बाई झाडूसकट हौदावर चढलेली. आणि मगर कुठे? आचार्यांच्या दासवाळीवर! पूजेची लाल जास्वंद ती. साहेब एकेक फूल मिटक्या मारत खातायत. समोर आचार्य, हातात रिकामी परडी.

संपलं, म्हटलं. पण आचार्य जवळ गेले. एक फूल तोडून पुढे धरलं. भाऊसाहेबांनी हळूच घेतलं, बोटाला न लागता.

"शाकाहारी?" आचार्यांनी विचारलं.

मी धावत वर जाऊन मेथी, भोपळा, दोडका आणला. सगळं फस्त! आणि मी ह्या गरीब शाकाहाऱ्यापुढे अंडी नाचवली. कुठे फेडशील, नीले?

आचार्य माझ्याकडे बघून म्हणाले, "हा सात्त्विक आहे. अंडी तुम्ही त्याच्या नावावर खाल्लीत."

मंगळवार, १८ फेब्रुवारी

रोज सकाळी आचार्य स्वतः फुलं देतात. आज भाऊसाहेबांनी तोंड लावलं नाही. मी काळजीत, तर आचार्य हर्षाने लाल. "आज एकादशी! ह्याला कसं कळलं?" यल्लव्वा पुटपुटली, "मोसळेला कळतं, माझ्या नवऱ्याला कळत नाही."

मंगळवार, २५ फेब्रुवारी

द्वादशी उलटून किती दिवस झाले, अजून उपास चालूच. पोट मात्र टम्म. गुरांचे डॉक्टर आले, चार हात लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "गॅस. हिंग चोळा." चोळला. घरभर आमटीचा वास, बाकी फरक शून्य.

दिवसभर दासवाळीच्या बुंध्याशी माती उकरत असतो. आचार्य हलक्या आवाजात म्हणाले, "जागा शोधतोय. थोरांना आधी कळतं."

वर येऊन ओट्याशी रडले. पेटीतून काढून आणला तो मरायला का? ह्यांनी पिशवी उचलली, कोवळी मेथी घेऊन आले. तीही तशीच पडून आहे. सव्वा महिन्याचा अबोला सोडला.

रविवार, २ मार्च

कृष्णात जीप घेऊन हजर. मी म्हटलं, आजारी आहे रे, जपून ने. तो म्हणाला, "काळजी नको मावशी. कोंबड्यांच्या खुराड्यात मस्त जागा केलीय."

कोंबड्या! आचार्यांनी गेट लावलं, कुलूप घातलं, किल्ली कमरेला. "तो कुठेही जाणार नाही."

"मग आम्ही राहू ना?" हे.

"तो राहील. तुम्ही युगादीला जा."

कृष्णात हसून हसून जीपवर रेलला. हे पेपरात टू-लेट बघत बसलेत. मला मात्र हसू येईना. आजारी जिवाला इथे टाकून जायचं? आचार्यांना काय कळतंय? थंडी वाजली तर शाल पांघरतील. त्याला बल्ब लागतो, हे कोण सांगणार?

रविवार, ९ मार्च

बोम्मसंद्र्याला दोन खोल्या बघितल्या. शेजारी कारखाना, सतत धाडधाड. काकाकुवा उरलीसुरली पिसंही उपटेल. परत आलो तर भाऊसाहेब खड्ड्यात मान टाकून पडलेले. हात लावला, डोळा उघडला. एवढंच.

बुधवार, १२ मार्च

भाऊसाहेब बाळंत झाले!!

दासवाळीच्या बुंध्याशी पांढरी, मऊ अंडी — हा ढीग! नराशिवायही घालतात म्हणे, अशी वांझ. पुस्तकाचं ते पान मी आज उघडलं. आणि साहेब — बाईसाहेब! — सपाट पोटाने शेजारी बसून मेथी ओरपतायत.

आचार्य परडी घेऊन उभे. गेटच्या आत, पूजेच्या झाडाखाली, मोट्टे! ह्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी असे डोळे वटारले की मिटलं.

मग आचार्यांनी परडीतली सगळी फुलं तिच्यापुढे ओतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाणंती आहे घरात, बाळंतीण. तिला सोडून तुम्ही कुठे निघालात?"